घोडा का अडला?

आमच्या साताऱ्याच्या घरी रात्रीची भाकरी फुकट मिळत नसे. तिचे मोल द्यावे लागे, आणि तेही पैशात नव्हे, उत्तरात. ही १९६२-६३ सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा, दादा चौदाचा. चुलीपुढे आई, तिच्यासमोर पाटावर आम्ही दोघे आणि तव्यावर ज्वारीची भाकरी. भाकरी टम्म फुगली, की आई ती हातावर तोलून धरी आणि विचारी, "सरदाराचा घोडा अडला का? विड्याची पानं सडली का? आणि शेजारणीची भाकरी करपली का? तिघांचं कारण एकच. जो सांगेल त्याच्या ताटात ही पहिली!"

घोड्याला दाणा मिळाला नाही म्हणावे, तर पाने आड येत. पाने शिळी होती म्हणावे, तर भाकरी आड येई. पुष्कळ डोके खाजवल्यावर उत्तर निघे, 'न फिरवल्यामुळे!' घोड्याला रोज फिरवून आणले नाही, तर तो अडेल होतो. करंडीतली पाने रोज खालीवर करून फिरवली नाहीत, तर खालची कुजतात. आणि तव्यावरची भाकरी का फिरवायची, हे ती आमच्यादेखतच फिरवून दाखवी.

आईचा एक नियम मात्र कडक होता. उत्तर येत नसेल तर तोंडाने 'हरलो' म्हणायचे. त्याशिवाय ती उत्तर सांगत नसे. दादा दोन मिनिटे विचार करी, हसून 'हरलो' म्हणे, उत्तर ऐके आणि दुसऱ्या दिवशी तेच कोडे शाळेत दहा जणांना घाली. मी मात्र 'हरलो' म्हणत नसे. उत्तरावाचून झोपी जाई, स्वप्नात घोडे हाकी, पण हार मानीत नसे. आई म्हणे, "अरे, हरलो म्हणायला तुझी काय जीभ झिजते?"

वाचकहो, ही जीभ पुढे साठ वर्षांनंतरही झिजलेली नव्हती. म्हणूनच हा दिल्लीचा प्रवास घडला.

झाले होते असे. आई जाऊन पुष्कळ वर्षे झाली. दादा सरकारी नोकरीत दिल्लीला गेला आणि तिथलाच झाला. साताऱ्याचे घर ओस पडले. कौले फुटली, भिंतीला ओल आली, घरपट्टी थकली. मी पुण्यात, म्हणजे जवळचा. तेव्हा सारी धावपळ माझ्या गळ्यात. एक गिऱ्हाईक आले, भाव बरा होता, दादाने माझ्या नावे मुखत्यारपत्र केलेलेच होते. मी घर विकून टाकले आणि दादाची निम्मी रक्कम त्याच्या खात्यात भरून त्याला कळवले.

त्याचा फोन आला. तो एवढेच म्हणाला, "मला वाटलं होतं, तू विचारशील."

मी आधीच त्रासलेला. म्हणालो, "तुझा वाटा पोचला ना? मग झालं तर!"

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दिवाळीला त्याच्या घरून वहिनींचा फोन येई, तो आमच्या सौभाग्यवती घेत. संक्रांतीला इकडून तिळगूळ जाई, त्यावर पत्ता नातीच्या हस्ताक्षरात असे.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात दादाची पंच्याहत्तरी होती. वहिनींनी बोलावणे धाडले. मी गुडघ्याचे कारण काढले, मग थंडीचे, मग तिकिटांचे. शेवटी ही म्हणाली, "अहो, घोडा अडलाच असेल तर राहू दे त्याला तबेल्यात. मी नातीला घेऊन जाते."

आता यावर काय बोलणार? मी तिकिटे काढली.

आम्ही वास्कोहून येणारी गोवा एक्सप्रेस धरली. ती पुण्याला पहाटे येते आणि दुसऱ्या सकाळी थेट हजरत निजामुद्दीन स्टेशनात नेऊन सोडते. समोरच्या बाकावर म्हापशाचे एक वृद्ध जोडपे होते. आमची नात बारा वर्षांची. नगर मागे पडेपर्यंत तिने मोबाइलमधून मान वर केली नाही. तेव्हा तिच्या आजीने तो काढून घेतला आणि पर्समध्ये ठेवून दिला. पोरीचे तोंड एवढेसे झाले.

"बरं, एक सांग," समोरचे आजोबा म्हणाले. "एका बाईनं अंगठी केली. तिच्यात खडा एकच. सोनारानं तो पाहिला आणि म्हणाला, 'पाच आहे.' सोनार खोटं बोलला का?"

"खोटंच! एक म्हणजे पाच कसे?"

"एकच. पण पाच!"

मनमाड येईपर्यंत पोर या एका खड्याशी झगडत होती. शेवटी तिने हार मानली, आणि 'पाच' हे एका हिरव्या रत्नाचेही नाव आहे, हे तिला पहिल्यांदाच कळले. माझ्या लक्षात आले ते दुसरेच. ती 'हरले' इतक्या सहज म्हणाली, जणू 'पाणी दे' म्हणावे!

मग म्हापशाच्या आजींनी तोंड उघडले. त्या कोड्याला 'हुमाण' म्हणत. त्यांचे हुमाण शेतातले होते. बांधावर एक बाई आणि एक पुरुष काम करीत होते. वाटसरूने बाईला विचारले, "हे तुमचे कोण?" ती म्हणाली, "यांची सासू, ती माझ्या सासूची आई." पोरीने वही काढून सासवांचा वंशवृक्षच काढला. यांची सासू जर माझ्या सासूची आई, तर हे माझ्या सासूचे यजमान. म्हणजे सासरे!

"पण मग ती सरळ 'सासरे' का नाही म्हणाली?" नातीने विचारले.

यावर दोन्ही आज्या हसल्या. वडीलधाऱ्या पुरुषाविषयी वाटेवरच्या परक्याशी सरळ बोलायचे नाही, नवऱ्याचे तर नावही घ्यायचे नाही, असा तो काळ. बोलायचे तर आडून बोलायचे. आज आपण लग्नात नाव घेण्याला 'उखाणा' म्हणतो, पण जुन्या मराठीत उखाणा म्हणजे कोडेच. नाव लपवणे आणि उत्तर लपवणे या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात नांदत होत्या. बायकांनी तोंडावर आलेला पदर शब्दांवरही घेतला आणि त्यातूनच ही करमणूक काढली.

भुसावळला केळी घेतली. मी म्हणालो, "या तीन केळ्यांतली दोन तू घेतलीस. तुझ्याकडे किती राहिली?"

"एक!" उत्तर तयारच होते.

"दोन घेतलीस ना? मग एक कशी?"

ती स्वतःच्या हातांकडे पाहातच राहिली. तीनातून दोन गेले की एक, हे शाळेने तिच्या जिभेवर ठेवून दिलेले होते. कोड्याचे हे मर्म आहे. कोडे घालणारा खोटे बोलत नाही. तो सारे खरे सांगतो, उघड सांगतो. ऐकणाराच घाई करतो आणि आपल्या डोक्यात आधीपासून बसलेला अर्थ त्या शब्दावर लादतो. फसवतो तो शब्द नव्हे, आपली घाई.

हे वाक्य मनात आले आणि मी खिडकीबाहेर पाहू लागलो. 'मला वाटलं होतं' आणि 'तुझा वाटा', हे दोन शब्द मला तापीच्या पुलापासून ऐकू येऊ लागले.

दुपार कलताना बऱ्हाणपूर आले. त्या गावाचे नाव बुऱ्हानुद्दीन गरीब या संतावरून पडले. हे दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिचे दौलताबाद केले, हे आपण शाळेत वेडेपणाचा मासला म्हणून शिकतो. पण त्या वेडात दिल्लीची जिवंत माणसे दख्खनच्या वाटेला लागली होती. मौलवी आले, कारागीर आले, कवी आले. बुऱ्हानुद्दीन दौलताबादेत राहिले आणि त्यांची कबर खुल्दाबादला आहे. निजामुद्दीनांच्या गोष्टी लिहून ठेवणारा कवी अमीर हसन सिजझी, हाही तिथेच विसावला आहे. ज्या वाटेने आमची गाडी धावत होती, त्या बाजूने सातशे वर्षांपूर्वी माणसे उलट दिशेने चालत आली होती. सामानाच्या गाठोड्यात जे मावले नसेल ते तोंडात घेऊन.

इटारसी सुटली आणि दिवेलागणीला नर्मदा ओलांडली. भोपाळला एक म्हाताऱ्या अम्मा चढल्या. त्या मथुरेला निघाल्या होत्या. आमचा खेळ पाहून त्यांनाही हुरूप आला. त्यांचे कोडे दोन सवालांचे होते. समोसा का खाल्ला नाही आणि जोडा का घातला नाही? उत्तर एकच, 'तला' नव्हता. हिंदीत तला म्हणजे तळलेला आणि तला म्हणजे जोड्याचा तळ. नात म्हणाली, "आपल्यात होत नाही हे! तळलेला नव्हता आणि तळ नव्हता. एका अक्षरासाठी अडलं!"

अम्मांनी दुसरे घातले. डाळिंब का चाखले नाही आणि वजीर का ठेवला नाही? उत्तर 'दाना'. डाळिंबाचा दाणा, आणि फारसीत दाना म्हणजे शहाणा. मराठीत नादान माणूस आहे, पण दाना माणूस आपण ठेवला नाही. हेही कोडे नर्मदेच्या अलीकडे उतरेना. मराठीचा दाणा शेंगेत राहिला, शहाण्याच्या डोक्यात गेला नाही.

मग अम्मा म्हणाल्या, "अच्छा, ये बताओ," आणि त्यांनी घोडा काढला! तोच अडलेला घोडा, तीच सडलेली पाने. भाकरीच्या जागी रोटी, एवढाच फरक. आमच्या सौभाग्यवतींनी आणि मी एकदमच उत्तर दिले. अम्मा चकित झाल्या. मीही झालो. इतकी वर्षे मला वाटे, तो घोडा साताऱ्याच्या तबेल्यातला आहे आणि ते कोडे माझ्या आईचे आहे.

"ये तो अमीर खुसरो का है, बेटा," अम्मा म्हणाल्या.

रात्री वरच्या बाकावर पडल्यापडल्या विचार केला, की तला आणि दाना यांना नर्मदा ओलांडता आली नाही, आणि घोड्याला आली. का? कारण फिरवण्याचा शब्द दोन्ही भाषांत सारखाच ऐसपैस आहे. तो घोड्यालाही लागू पडतो, पानालाही आणि तव्यावरच्या भाकरीलाही. ज्या कोड्याला नव्या भाषेत असा प्रशस्त शब्द मिळतो ते तिथे घर करते. ज्याला मिळत नाही ते काठावरून परत जाते.

सकाळी गाडी हजरत निजामुद्दीनला लागली. फलाटावर धुके होते आणि धुक्यात दादा उभा होता. मफलर, कानटोपी, हातात काठी. ती काठी मी कधी पाहिली नव्हती. मी खाली वाकलो. तो म्हणाला, "थंडी आहे. कान बांध." बस्स, एवढेच.

पुढले तीन दिवस आमचा संसार दुभाष्यांवर चालला. "आजोबांना विचार, आणखी चहा घेणार का." "मोठ्या आजोबांना सांग, पुरे." पंच्याहत्तरीचे औक्षण झाले, पेढे झाले, फोटो झाले. फोटोत आम्ही शेजारी उभे आहोत आणि दोघेही नातीकडे पाहात आहोत. चौथ्या दिवशी गुरुवार होता. दादा नातीला म्हणाला, "चल, तुझ्या घोडेवाल्याला भेटून येऊ." अम्मांची गोष्ट तिने त्याला सांगितली होतीच. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "ज्यांना यायचं असेल त्यांनी या."

निजामुद्दीन वस्ती म्हणजे दिल्लीतले एक वेगळेच गाव. मथुरा रोडच्या एका अंगाला हुमायूनची प्रशस्त कबर, हिरवळ, पाण्याचे पाट. दुसऱ्या अंगाला ही गल्ली. गुलाबाच्या पाकळ्यांची ताटे, हिरव्या चादरी, अत्तराच्या कुप्या, उदबत्त्यांचा धूर, शेगड्यांवरचे कबाब, आणि "जूते यहाँ रखिये" अशी दोन्ही बाजूंनी आळवणी. वाटेतच संगमरवरी जाळीआड मिर्झा गालिब निजलेला आहे. गल्ली अरुंद होत जाते, डोक्यावर छत येते, आणि एकदम दर्ग्याचे अंगण उघडते. कडेला जुनी बारव आहे, निजामुद्दीनांच्या हयातीतच, १३२१-२२च्या सुमारास बांधलेली. शहाजहानची मुलगी जहानआरा हिची कबर याच आवारात आहे. वर छत नाही, आणि थडग्यावर गवत वाढलेले.

निजामुद्दीनांच्या नावावर एक वाक्य सांगतात. सुलतान ग्यासुद्दीन तुघलक त्यांच्यावर रागावला होता आणि बंगालच्या स्वारीवरून परतताना धमक्या देत होता. शिष्य घाबरले. औलिया म्हणाले, 'दिल्ली अजून दूर आहे.' सर्वांना वाटले, अंतराविषयी बोलताहेत. १३२५ साली दिल्लीच्या वेशीजवळ सुलतानाच्या स्वागताचा मंडप त्याच्याच अंगावर कोसळला आणि तो मेला. दिल्ली दूरच राहिली. गोष्ट खरी असो वा रचलेली, पण सातशे वर्षे टिकली ती एका साध्या शब्दाच्या दोन अर्थांवर.

दर्ग्याची रीत अशी, की आधी खुसरोला सलाम करायचा आणि मग औलियांना. आम्ही खुसरोच्या कबरीशी गेलो. संगमरवरी जाळ्यांची छोटीशी वास्तू. आज दिसते ती जहांगीरच्या कारकीर्दीच्या आरंभीची, १६०५च्या सुमाराची. जाळीला नवसाचे लाल-पिवळे दोरे. आतल्या गाभ्यात बायकांना जाता येत नाही, हे ऐकून नात रुसली. तिच्या आजीने तिला जाळीशी नेले. "आडून बघ," ती म्हणाली. "आपल्याला सवय आहे."

दादा पायरीवर टेकला. त्याचे डोळे चमकत होते. तो इथे वर्षातून दोन-तीनदा येतो, हे मला तेव्हा कळले. खुसरो १२५३ साली आजच्या उत्तर प्रदेशातल्या पटियाली गावी जन्मला. बाप तुर्क, आई इथली. फारसीत त्याने ग्रंथामागून ग्रंथ लिहिले, दिल्लीच्या एकामागून एक सुलतानांच्या पदरी राहिला, आणि स्वतःला हिंदुस्थानचा पोपट म्हणवून घेतले. गुरू १३२५ साली गेले आणि सहा महिन्यांत शिष्यही गेला. दोघांच्या कबरींत अंतर आहे ते काही पावलांचे.

"पण लोक त्याला ओळखतात ते कोड्यांवरून," दादा म्हणाला. "विद्वान म्हणतात, ती सगळी त्याची नाहीत. भाषा अलीकडची वाटते. एक हस्तलिखित पार बर्लिनच्या ग्रंथालयात निघालं. ते गोपीचंद नारंगांनी १९८७ साली छापलं. तरी कोणतं त्याचं आणि कोणतं कोणा आजीचं, हे कोण सांगणार? आणि कोडी त्याच्या आधीही होतीच. चौसष्ट कलांत प्रहेलिका आहे, दंडीनं काव्यादर्शात सोळा प्रकार मोजलेत. संस्कृतात अंतर्लापिका म्हणजे उत्तर कोड्यातच दडलेलं, बहिर्लापिका म्हणजे उत्तर बाहेर शोधायचं. खुसरोच्या कोड्यांचेही तसेच दोन ढीग करतात, बूझ आणि बिनबूझ."

मग त्याने नातीला विहिरीची गोष्ट सांगितली. खुसरो तहानेने व्याकूळ होऊन पाणवठ्यावर आला. तिथे चार बायका. एक म्हणाली, खिरीवर कविता कर. दुसरी म्हणाली, चरख्यावर. तिसरी म्हणाली, कुत्र्यावर. चौथी म्हणाली, ढोलावर. तोवर पाणी नाही. त्याने चौघींना मिळून एकच ओळ ऐकवली. खीर शिजवली, चरखा जाळला, कुत्र्याने खाल्ली, तू ढोल बडवत बस, अशा अर्थाची. आणि लगेच म्हणाला, आता पाणी पाजा!

नात खदखदून हसली. "मोठे आजोबा, मीही केलंय एक. दही का लागलं नाही? चोर घरात का शिरला? वऱ्हाड उपाशी का बसलं?"

दादाने डोळे मिटले. "न लावल्यामुळे," तो म्हणाला. "विरजण, कडी आणि लग्न. वा! पहिल्या नंबरचं आहे."

"आता तुम्ही घाला."

कव्वाल अंगणात पेटी लावीत होते. दादाने काठीवर दोन्ही हात ठेवले आणि या चार दिवसांत पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिले.

"चटणी भरड का राहिली? बारशाचे पेढे डब्यातच का राहिले? आणि माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं दिल्लीला का आला नाही?"

पोर हुशार. क्षणात ओरडली, "न वाटल्यामुळे! चटणी पाट्यावर वाटली नाही, पेढे लोकांना वाटले नाहीत, आणि आजोबांना यावंसं वाटलं नाही!" मग तिने आमच्या तोंडांकडे पाहिले आणि ती गप्प झाली.

"शेवटचं चुकलं," मी म्हणालो.

"कसं?" दादाने विचारले.

"वाटत होतं. दर वर्षी वाटत होतं."

"मग का नाही आलास?"

मी उत्तर शोधू लागलो. गुडघा, थंडी, तिकिटे. एकही कारण त्या तीन सवालांत बसेना. पेटीचा सूर लागला होता. दादा वाट पाहात होता. अगदी आईसारखा, हातावर भाकरी तोलून.

"हरलो," मी म्हणालो.

साठ वर्षांत पहिल्यांदा म्हणालो. जीभ झिजली नाही. घसा मात्र दाटला.

नियमाप्रमाणे आता उत्तर सांगायची पाळी दादाची होती. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "उत्तर मलाही ठाऊक नाही रे. आईचा नियम मोडला मी. उत्तर माहीत नसलेलं कोडं घातलं."

"त्या दिवशी तू 'वाटलं' म्हणालास," मी म्हणालो, "आणि मी 'वाटा' ऐकलं. तुला पैसे नको होते, हे मला कळायला हवं होतं."

"मला फक्त स्वयंपाकघर एकदा बघायचं होतं. विकायच्या आधी." तो थांबला. "पण चूक माझीही आहे. ऐकणारा फसला, तर आई कोडं पुन्हा घालायची. सावकाश घालायची. मी फोन ठेवून दिला."

घर गेले ते गेलेच. ते आता परत येणार नव्हते, आणि ते दोघांनाही माहीत होते. त्या जागी आता चार मजली इमारत उभी आहे, हे मी त्याला तिथेच सांगून टाकले. त्याने मान हलवली. मग आम्ही उठलो, औलियांना नमस्कार केला आणि कव्वाली ऐकत उभे राहिलो. गर्दीत दादाने माझा दंड धरला होता. काठी नातीच्या हातात होती.

त्या रात्री वहिनींनी भाकऱ्या केल्या. पीठ आम्हीच पुण्याहून नेले होते. दोघे भाऊ स्वयंपाकघराच्या दारात खुर्च्या टाकून बसलो आणि साताऱ्याच्या त्या चुलीपासून बोलायला लागलो. बोलणे इतके वाढले, की वहिनीही तवा विसरून ऐकू लागल्या. घरभर वास सुटला.

"भाकरी का करपली?" नातीने विचारले.

कोणी उत्तर दिले नाही. सगळे हसत होते.

दादा-वहिनी चैत्रात पुण्याला येऊन गेली. आता वर्षाकाठी एक फेरा त्यांचा आणि एक आमचा, असे ठरले आहे. साताऱ्यालाही एकदा जाऊन आलो. त्या इमारतीसमोर दोघे पाच मिनिटे उभे राहिलो आणि परतलो.

वाचकहो, दिवाळीचे दिवस आहेत. घरात चार माणसे जमलेली आहेत, फराळाचे डबे उघडे आहेत. तेव्हा जाता जाता आमच्या नातीने या अंकासाठी मुद्दाम रचलेले कोडे तुमच्यापुढे ठेवतो.

करंजी पोकळ का? लेकीचे हात मोकळे का? आणि ऐन दिवाळीत घरात अंधार का?

तिघांचे कारण एकच. ते इथे छापलेले नाही. सुचले तर उत्तमच. नाही सुचले, तर घरातल्या कोणाजवळ तरी एकदा 'हरलो' म्हणून पाहा.